खनिज विकत घेण्याआधीची तपासणी : ३८ टक्के खरे की २९?

भट्टीवाला (जालना)

नमस्कार. मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका इंडक्शन भट्टीच्या प्रयोगशाळेत रसायनज्ञ आहे. भंगार, स्पंज आयर्न, फेरोमँगनीज, सिलिकोमँगनीज या मालाशी माझा रोजचा संबंध येतो; खाणीतून निघालेल्या दगडाशी मात्र आजवर कधी आला नव्हता, म्हणून हा धागा काढतो आहे.

माझा मावसभाऊ आणि त्याचे दोन भागीदार कमी प्रतीचे मँगनीज खनिज विकत घेऊन, ते जिगवर (पाण्याच्या हिसक्यांनी जड आणि हलके दगड वेगळे करणाऱ्या यंत्रावर) धुऊन, वाढलेल्या टक्केवारीचा माल सिलिकोमँगनीज करणाऱ्या कारखान्यांना विकण्याच्या विचारात आहेत. एका व्यापाऱ्याने पूर्व विदर्भातून एक ट्रक माल पाहण्यासाठी पाठवला. ट्रक रिकामा झाल्यावर मी ढिगावरून चांगले काळे, हाताला जड लागणारे दगड निवडून दोन किलो माल घेतला, तो खलबत्त्यात बारीक करून त्याचे दोन भाग केले आणि दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवले. एकीच्या अहवालात मँगनीज ३८.० टक्के आले आणि दुसरीच्या २९.४. व्यापारी अर्थातच ३८ धरून भाव सांगतो आहे. एकाच पिशवीतल्या मालात साडेआठ टक्क्यांचा फरक कसा पडू शकतो, आणि यातला कोणता आकडा धरून जिगचा हिशेब मांडावा?

चाळणी (नांदेड)

भट्टीवाले, आयुष्याची सव्वीस वर्षे मँगनीजच्या खाणीवर नमुने काढण्यात गेली आहेत, त्यामुळे तुमच्या प्रश्नापेक्षा तुमचे एक वाक्य मला जास्त खटकले: "चांगले काळे, हाताला जड लागणारे दगड निवडून." तुम्ही नमुना काढलेलाच नाही, तुम्ही दगड निवडले आहेत. मोंढ्यात सोयाबीनचा भाव ठरवताना आडत्या पोत्याच्या तोंडाशी असलेले टपोरे दाणे हातात घेऊन भाव बोलत नाही. तो पोकळ नळी पोत्यात खोलवर खुपसतो, चार-दोन पोत्यांतून दाणे काढतो आणि ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. दगडाच्या बाबतीत तर हे अधिकच काटेकोरपणे करावे लागते, कारण सोयाबीनचे दाणे एकाच आकाराचे असतात आणि ट्रकमध्ये मात्र नारळाएवढ्या दगडापासून पिठापर्यंत सगळे असते.

ट्रक उलटा केला की मोठे दगड घरंगळत ढिगाच्या पायथ्याशी जातात आणि बारीक माल मध्यभागी साचतो. या दोन्हींमधली धातूची टक्केवारी सहसा सारखी नसते. म्हणून तयार ढिगावरून नमुना घेण्यापेक्षा माल उतरवत असतानाच ठरावीक अंतराने फावडे भरून घेणे बरे, आणि पट्टा चालू असेल तर पट्ट्याच्या टोकाशी पडणाऱ्या धारेची संपूर्ण रुंदी एका फटक्यात कापून घेणे सर्वांत चांगले.

किती माल घ्यावा, याचे गणित फ्रेंच अभियंता पिएर गी यांनी १९५० च्या दशकापासून मांडत आणले. सूत्र लांबलचक आहे, पण व्यवहारात उपयोगी पडणारा त्याचा गाभा असा, की विश्वासार्ह नमुन्याचे वजन त्यातल्या सर्वांत मोठ्या दगडाच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ५० मिलिमीटरच्या दगडांतून ५०० किलो घ्यावे लागत असतील, तर तेच ५०० किलो १० मिलिमीटरपर्यंत भरडल्यावर त्यातले ४ किलो पुढे नेले तरी चालते, कारण व्यास पाचपटीने घटला की वजन सव्वाशेपटीने घटते. क्रम मात्र उलटा करता येत नाही. आधी भरडायचे आणि मग वाटायचे. पुन्हा भरडायचे, पुन्हा वाटायचे. वाटणी खाचांच्या विभाजकातून करावी. तो नसेल तर ताडपत्रीवर माल शंकूसारखा रचावा, वरून दाबून चपटा करावा, त्याच्या चार फाका पाडाव्यात, समोरासमोरच्या दोन ठेवाव्यात आणि दोन टाकून द्याव्यात. फाक उचलताना खालचे पीठसुद्धा ब्रशने झाडून घ्यावे. पुष्कळदा खरी गोम त्या पिठातच असते.

दोन किलो निवडक दगड दोन प्रयोगशाळांना दिल्यावर त्यांनी कितीही अचूक उत्तर दिले तरी ते त्या दोन किलोंचे उत्तर आहे, ट्रकचे नाही.

परीक्षानळी (छत्रपती संभाजीनगर)

चाळणीकाकांचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे, परंतु भट्टीवाल्यांनी माल बारीक करून मग त्याचे भाग केले आहेत. निवड चुकली असली तरी ती दोन्ही भागांत सारखीच चुकलेली असणार, त्यामुळे ३८ आणि २९.४ यांतला फरक केवळ नमुन्याने समजावता येत नाही. भट्टीवाले, कृपया दोन्ही अहवालांतला संबंधित रकाना शीर्षकासकट जसाच्या तसा इथे लिहाल का? आकड्यापेक्षा मला रकान्याचे शीर्षक हवे आहे.

भट्टीवाला (जालना)

परीक्षानळीताई, पहिल्या अहवालात रकान्याचे शीर्षक "मँगनीज (एमएनओ)" असे आहे. हा अहवाल एक्स-रे फ्लुओरेसन्सचा, म्हणजे एक्सआरएफचा आहे. त्यात पुढे सिलिका ४२, ॲल्युमिना १३ आणि लोह ऑक्साइड ४ असे आकडे आहेत. दुसऱ्या अहवालात फक्त "एकूण मँगनीज, कोरड्या वजनावर" एवढेच आहे आणि पद्धत अनुमापनाची (मोजून द्रावण घालत मात्रा काढण्याची), व्होलहार्डची, लिहिलेली आहे.

परीक्षानळी (छत्रपती संभाजीनगर)

मग दोन्ही अहवालांमध्ये भांडणच नाही. एक्सआरएफ यंत्र मूलद्रव्य मोजते, पण खडकांचे अहवाल ऑक्साइडच्या रूपात लिहिण्याची जुनी रीत आहे. मँगनीजचा अणुभार ५४.९४ आणि एमएनओचा, म्हणजे मँगनीज ऑक्साइडचा, रेणुभार ७०.९४, म्हणजे एमएनओच्या वजनातला ०.७७४५ एवढा भागच मँगनीजचा. ३८.० ला ०.७७४५ ने गुणले की २९.४ येते. व्यापाऱ्याने ऑक्साइडचा आकडा धातूचा म्हणून पुढे केला आहे. अजाणतेपणी केला की जाणूनबुजून, हे तुमचे तुम्ही ठरवा. लोहाच्या बाबतीतही अशीच गल्लत होते: लोह ऑक्साइडला ०.७० ने गुणल्यावरच लोह मिळते.

दुसरी गोष्ट "कोरड्या वजनावर" या शब्दांची. प्रयोगशाळा नमुना १०५ अंशांवर वाळवून मग टक्केवारी सांगते, आणि काट्यावर मात्र ट्रक ओला उभा असतो. पावसाळ्यात बारीक मालात आठ-दहा टक्के पाणी सहज असू शकते. करारात ओलाव्याची वजावट लिहिलेली नसेल तर तुम्ही पाण्याचे पैसे मोजाल.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते, त्याविषयी. तुमच्या अहवालात ॲल्युमिना १३ टक्के आहे. तुमचा मावसभाऊ गृहीत धरतो आहे, की मालात काळे मँगनीज ऑक्साइड आणि पांढरा गारगोटीचा दगड आहे, आणि जिगवर गारगोटी उडवून लावली की काम झाले. गारगोटी म्हणजे शुद्ध सिलिका. तिच्यात ॲल्युमिना नसते. मग हे १३ टक्के ॲल्युमिना कुठल्या ना कुठल्या खनिजात बसलेले असणार. ते मातीत किंवा फेल्डस्पारमध्ये असेल तर प्रश्न सोपा आहे. पण पूर्व विदर्भातल्या मँगनीजच्या पट्ट्यात गोंडाइट नावाचा खडक मिळतो. त्याचे हे नाव एल. एल. फर्मर या भूवैज्ञानिकांनी गोंड समाजावरून ठेवले, आणि त्यांचा भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा मोठा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. या खडकात गारगोटीबरोबर स्पेसार्टाइन नावाचे गार्नेट असते. स्पेसार्टाइनमध्ये ३३ टक्के मँगनीज, २१ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिना आणि ३६ टक्के सिलिका असते, आणि ही तिन्ही एकाच स्फटिकात बांधलेली असतात. अहवालात त्याचे मँगनीज मँगनीज म्हणूनच दिसते. जिगने, चुंबकाने किंवा चाळणीने ते सिलिकेपासून वेगळे करता येत नाही, कारण तिथे वेगळे करण्यासारखे दोन कणच नसतात.

घनताही फसवी आहे. गारगोटी २.६५, स्पेसार्टाइन ४.२ च्या आसपास, आणि मँगनीजच्या चांगल्या खनिजांपैकी ब्राउनाइट ४.७ ते ४.८ व पायरोलुसाइट ५ च्या जवळपास. जिगवर गारगोटी वर राहील आणि स्पेसार्टाइन चांगल्या खनिजाबरोबर मुकाट्याने खाली बसेल. म्हणून रासायनिक टक्केवारीच्या पुढची पायरी आवश्यक आहे, ती म्हणजे दगडात मूलद्रव्ये किती याच्याऐवजी खनिजे कोणती आणि त्यांचे कण केवढे, हे पाहणे. त्यासाठी एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे एक्सआरडी, करून घ्या आणि दोन-चार दगडांच्या घासून आरशासारख्या चकचकीत केलेल्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या.

रोलिंगमिल (जालना)

एक शंका आहे. आमच्याकडे स्पेक्ट्रो आहे, आणि भंगार तपासायची हातात धरायची एक्सआरएफ गनसुद्धा आहे. ट्रकजवळ जाऊन दगडावर गन लावली तर पाच मिनिटांत काम होणार नाही का? प्रयोगशाळेचा आठवडा कशाला घालवायचा?

परीक्षानळी (छत्रपती संभाजीनगर)

स्पेक्ट्रोचा उपयोग नाही. त्यात नमुन्यावर विजेची ठिणगी पाडतात, त्यासाठी नमुना वीजवाहक धातूचा असावा लागतो. दगडावर ठिणगी नीट पडणारच नाही.

गन चालेल, पण तिला नेमके काय दिसते हे ध्यानात ठेवूनच. पहिली मर्यादा अशी, की तिची नजर पृष्ठभागाच्या आत फार खोल जात नाही. हलक्या मूलद्रव्यांसाठी तर काही मायक्रॉनच. गोंडाइटचा दगड उघड्यावर राहिला की त्यावर मँगनीज ऑक्साइडचा काळा थर चढतो, आणि त्या थरावर लावलेली गन थराचीच टक्केवारी सांगते. दुसरी मर्यादा अशी, की मॅग्नेशियमच्या खालची मूलद्रव्ये तिला दिसत नाहीत, आणि मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम हीसुद्धा ती कच्चीच मोजते. इथे निदान तर ॲल्युमिनावरच अवलंबून आहे.

प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रावरही नमुना कसा तयार केला याला महत्त्व आहे. पूड दाबून केलेली वडी स्वस्त आणि झटपट होते, पण एकच मूलद्रव्य वेगवेगळ्या खनिजांत असेल तर तिच्यातून येणारा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. लिथियम बोरेटमध्ये पूड हजार-अकराशे अंशांवर वितळवून काचेची चकती केली की खनिज उरतच नाही, सगळे एकजीव होते, आणि हा दोष जातो. गंधकयुक्त खनिज मात्र आधी भाजून ऑक्सिडाइझ केल्याशिवाय प्लॅटिनमच्या मुशीत टाकायचे नसते. मूस खराब होते आणि तिची किंमत ऐकून घाम फुटतो. दळताना चक्कीचे भांडेसुद्धा नमुन्यात उतरते: क्रोम स्टीलच्या भांड्यातून लोह आणि क्रोमियम, टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंगस्टन आणि कोबाल्ट.

कोरडवाहू (बीड)

विषय खनिजाच्या तपासणीचाच आहे म्हणून विचारतो. आमच्या विहिरीच्या खोदकामात चाळीस फुटांवर मांजऱ्या (पोकळ्यापोकळ्यांच्या) खडकात हिरवेगार खडे लागले, आणि गावात तांबे निघाल्याची बातमी झाली. एका माणसाने काळ्या दगडाचा अहवाल आणून त्यात लोह ऑक्साइड १४ टक्के असल्याचेही दाखवले. या दोन्ही गोष्टींत काही तथ्य असू शकते का?

चाळणी (नांदेड)

काळा पाषाण म्हणजे आपला दख्खनचा बेसाल्ट, आणि १३ ते १५ टक्के लोह ऑक्साइड ही त्याची नेहमीचीच मात्रा आहे. म्हणजे लोह साधारण दहा टक्के, आणि त्यातलेही बरेचसे सिलिकेट खनिजांत अडकलेले. त्याच्या पुडीला चुंबक चिकटतो तो त्यातल्या थोड्याशा मॅग्नेटाइटमुळे. मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांतला हिरवा खडा बहुतेक सेलाडोनाइट असतो. त्याचा हिरवा रंग लोहामुळे येतो, तांब्यामुळे नाही. खात्री करायची असेल तर खडा पातळ आम्लात टाकून त्या द्रावात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा बुडवून ठेवा. तांबे विरघळले असेल तर खिळ्यावर लालसर थर चढतो. तुमचा खिळा कोरा राहील असा माझा अंदाज आहे.

मराठवाड्याचा बहुतेक भाग या बेसाल्टखाली आहे. किनवट आणि देगलूरच्या बाजूला त्याच्याखालचे ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने खडक उघडे पडतात, तिथली गोष्ट निराळी.

मूस (लातूर)

आमचे घर पिढीजात सोनारकामाचे, आणि मी स्वतः काही वर्षे सोन्याच्या खनिजाच्या चाचणीचे काम केले आहे. वर झालेल्या चर्चेत एक भर घालतो. मँगनीज टक्क्यांत मोजतात, सोने टनामागे ग्रॅममध्ये, आणि नमुन्याची चूक तिथे खऱ्या अर्थाने जीव घेते. हट्टीची खाण आज कर्नाटकात, रायचूर जिल्ह्यात आहे. निजामाच्या राज्यात ती आणि मराठवाडा एकत्रच होते. अशा खनिजाची चाचणी आजही मुख्यत्वे अग्निपरीक्षेनेच होते: तीस किंवा पन्नास ग्रॅम पूड शिशाच्या ऑक्साइडबरोबर वितळवायची, शिसे सोने-चांदी गोळा करून तळाला बसते, मग हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या सच्छिद्र वाटीत ते शिसे शोषून जाते आणि मागे एक मणी उरतो. मणी नायट्रिक आम्लात टाकून चांदी काढली की सोने राहते.

आता एक हिशेब पाहा. तीस ग्रॅम पुडीत अर्ध्या मिलिमीटरचा एकच गोल सोन्याचा कण आला तर त्याचे वजन सव्वा मिलिग्रॅम भरते, आणि अहवाल टनाला सुमारे ४२ ग्रॅम सांगतो. तोच कण शेजारच्या पुडीत गेला तर अहवाल शून्य. दोन्ही चाचण्या निर्दोष. म्हणून जाड सोने असलेल्या मालाचा मोठा नमुना बारीक चाळणीतून काढून, वर राहिलेला भाग पूर्णच्या पूर्ण वितळवतात.

आणि नमुन्यात मुद्दाम भेसळ झाली तर? इंडोनेशियातल्या बुसांगच्या साठ्यावर ब्रे-एक्स कंपनीचे अब्जावधी डॉलरचे बाजारमूल्य उभे राहिले होते. १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारीच स्वतंत्र छिद्रे घेतली तेव्हा त्यांत नाव घेण्यासारखे सोने नव्हते. जुन्या नमुन्यांतले कण नदीतल्या सोन्यासारखे झिजून गोल झालेले होते. सूक्ष्मदर्शकाने जे दाखवले ते टक्केवारीच्या आकड्यात कधीच दिसले नसते.

भट्टीवाला (जालना)

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे.

व्यापाऱ्याकडून दुसरा ट्रक मागवला आणि तो उतरत असताना दर दहा फावड्यांमागे एक फावडे बाजूला टाकत गेलो. जवळच्या खडी क्रशरवर सगळा बाजूला काढलेला माल दहा मिलिमीटरखाली भरडला आणि ताडपत्रीवर चौथाई करत करत कमी केला. पिठासकट, चाळणीकाका. याच दरम्यान ढिगातला एक चांगला काळा दगड घणाने फोडला. बाहेरून काजळीसारखा, बोटाला काळे लागणारे. आत मात्र एका सुताच्या जाडीच्या काळ्या सालीखाली तपकिरी-नारिंगी, साखरेच्या खड्यासारखा रवाळ दगड. मी ज्याला वजनदार म्हणून निवडत होतो, तो हा.

या नमुन्यात मँगनीज २४.१ टक्के आले, धातू म्हणून, कोरड्या वजनावर. एक्सआरडीत स्पेसार्टाइन, गारगोटी आणि थोडे ब्राउनाइट. त्यानंतर एका प्रयोगशाळेत २.८९ घनतेच्या जड द्रवात, ब्रोमोफॉर्ममध्ये, तरंगण्या-बुडण्याची चाचणी करून घेतली. वजनाने ६२ टक्के माल बुडाला, त्यात मँगनीज ३५.२ टक्के, ३८ टक्के तरंगला, त्यात ६ टक्के. म्हणजे एकूण मँगनीजपैकी नव्वद टक्के बुडालेल्या भागात आले. मावसभाऊ हे ऐकून हरखला होता. पण बुडालेल्या भागात सिलिका ३६ आणि ॲल्युमिना १८ टक्के आहे.

चाळणी (नांदेड)

वसुली उत्तम, माल निकामी. १८ टक्के ॲल्युमिना म्हणजे बुडालेल्या मालात पाऊण हिस्स्याहून अधिक गार्नेटच आहे. जिगने यापुढे एक टक्काही वाढणार नाही, कारण जिगला काढता येण्यासारखे जे होते ते या द्रवाने आधीच काढून दाखवले आहे. चकतीत ब्राउनाइटचे कण केवढे दिसले?

भट्टीवाला (जालना)

मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि तेही गार्नेटच्या रव्यांमध्ये शिरलेले. ते सुटे करायचे तर सगळा माल पिठासारखा दळावा लागेल, आणि एवढ्या बारीक मालावर जिग चालत नाही. शिवाय ब्राउनाइट आहेच जेमतेम दहा टक्के. जिगची मागणी रद्द केली आहे. व्यापाऱ्याला सगळे आकडे दाखवले, तो म्हणाला, "दुसरे लोक घेतात की." दुसऱ्या ट्रकच्या नमुन्यातले चार किलो तारीख आणि गाडी क्रमांक लिहून पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत. मावसभाऊ आता भंडाऱ्याकडच्या एका वेगळ्या मालाची चौकशी करतो आहे. तो ट्रक येईल तेव्हा खडी क्रशरवाल्याला आधीच सांगून ठेवावे लागेल, कारण गेल्या वेळी त्याने काळी धूळ साफ करण्याचे वेगळे पैसे लावले होते.